शनिवारची डिस्क

बोरदऱ्याचा शनिवारचा बाजार शेळ्यामेंढ्यांचा. आष्टीपासून अकरा किलोमीटर आत असूनही नगर, जामखेड, करमाळ्याचे व्यापारी सकाळीच टेम्पो घेऊन येतात आणि दहा वाजेपर्यंत मैदानात पाय ठेवायला जागा राहत नाही. तिथल्या बाजार समितीच्या कचेरीत मागच्या अंगाला एक खोली आहे. पूर्वी तिथं मोडके वजनकाटे पडलेले असत. पाच वर्षांपूर्वी समितीने आवारात चोवीस कॅमेरे बसवले, तेव्हा काटे बाहेर गेले आणि खोलीत एक एसी, एक लोखंडी कपाट आणि कपाटात एक सर्व्हर आला. दारावर ‘संगणक कक्ष, चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी लागली. पाटीच्या आत जे काही होतं त्याची जबाबदारी मोहिनीवर होती.

मोहिनी शिरूर कासारकडची. वडील धुळाजी अजूनही मेंढरं राखतात आणि पावसाळा सोडला तर घरी कमीच असतात. तिने बीडला राहून बीसीए केलं आणि इथं अकरा महिन्यांच्या करारावर लागली. अकरा महिने झाले की एक दिवस घरी बसायचं, दुसऱ्या दिवशी नवा आदेश घेऊन त्याच खुर्चीवर यायचं. असं चार वर्षं चाललं होतं. तिला संगणक कक्षात कोणी त्रास देत नसे, कारण तिथं नेमकं काय चालतं हे कोणाला माहीत नव्हतं.

सर्व्हर लिनक्सवर चाले. त्याच्या तोंडाशी दोन ओळींत, वर चार आणि खाली चार अशा आठ डिस्क बसवलेल्या होत्या. पण लिनक्सला विचारलं तर तो एकच मोठी डिस्क आहे म्हणून सांगे. मधे RAID म्हणतात तसलं एक कार्ड होतं. आलेल्या रेकॉर्डिंगचे बारीक तुकडे करून ते आठही डिस्कवर वाटून टाकायचे, आणि सोबत अशी तजवीज ठेवायची की एखादी डिस्क मेली तरी उरलेल्या सातांवरून तिचा वाटा परत मांडता यावा, हे त्या कार्डाचं काम. एक डिस्क गेली तर चालतं. दुसरीही गेली की मग काहीच उरत नाही.

हे सचिव बंकटरावांना कधीच पटलं नाही. मशीन बसवलं त्या दिवशी त्यांनी कंपनीच्या माणसाला विचारलं होतं की कोणत्या डिस्कमध्ये काय आहे. त्याला नगरची गाडी पकडायची होती. तो म्हणाला, सगळ्यांत सगळं आहे. तीस वर्षं नोकरी केलेल्या बंकटरावांना हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं. सगळ्यांत सगळं असेल तर आठ कशाला घेतल्या? त्यांनी विचार केला, वार सात, डिस्क आठ. आणि आपल्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहून एकेका डिस्कच्या तोंडावर डकवल्या. वरच्या ओळीत सोमवार ते गुरुवार. खालच्या ओळीत शुक्रवार, शनिवार, रविवार. आठव्या डिस्कवर त्यांनी ‘सुट्टी’ असं लिहिलं. मोहिनीने दोनदा समजावून सांगायचा प्रयत्न केला. पुढे तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या चिठ्ठ्यांचं कौतुक केलं आणि शेऱ्यात ‘मांडणी उत्तम’ असं लिहिलं, तेव्हा तिने तो विषय सोडला.

मग एक दिवस मशीन ओरडायला लागलं. एकसारखा बारीक टीं-टीं आवाज. मोहिनीने कार्डाला विचारलं, तर कार्डाने सांगितलं की चार नंबरच्या खणातली डिस्क मेली आहे. तिने नव्या डिस्कची मागणी लिहून बंकटरावांकडे दिली. बंकटरावांनी विचारलं की कॅमेरे चालू हायेत न्हवं? ती म्हणाली, चालू आहेत, पण आता आणखी एक गेली तर सगळं जाईल. बंकटराव म्हणाले, गेल्यावर बघू. पुढच्या सोमवारी संचालक मंडळाच्या सभेत तो आवाज भिंतीपलीकडून ऐकू यायला लागला, आणि तो बंद करण्याचं फर्मान निघालं. एका आज्ञेने आवाज बंद करता येत होता. मोहिनीने तो केला. बंकटरावांनी रजिस्टरमध्ये ‘बिघाड दुरुस्त’ अशी नोंद घेतली. त्यानंतर तिने आणखी दोनदा मागणी दिली. दोन्ही वेळा ती परत आली, कारण दुरुस्त झालेल्या बिघाडासाठी खरेदी करता येत नव्हती.

असे तीन महिने गेले, आणि तो शनिवार आला.

त्या शनिवारी बाजारात काय झालं ते सगळ्या तालुक्यात संध्याकाळपर्यंत पोचलं होतं. समितीचे सभापती विजयसिंह, ज्यांना सगळे दादा म्हणतात, पाण्याच्या हौदाजवळ नाथा नावाच्या एका मेंढपाळाशी बोलत होते. नाथा पावतीवरून वाद घालत होता. दादांचा आवाज चढला. मग लोकांनी वळून पाहिलं तर नाथा चिखलात आडवा पडलेला, मनगट धरून ओरडत होता, आणि दादा त्याच्यावर उभे होते, हातात नाथाचीच काठी. दादांनी एका फटक्यात माणूस लोळवला, असं जो तो सांगत होता. पुढच्या महिन्यात समितीची निवडणूक होती. विरोधी पॅनलच्या आप्पांनी नाथाला स्वतःच्या जीपमध्ये घालून रविवारी पोलीस ठाण्यात नेलं आणि मारहाणीची तक्रार नोंदवली.

सोमवारी सकाळी दादा संगणक कक्षात आले. चपला त्यांनी बाहेर काढल्या. मागे बंकटराव होते.

दादांनी आधी मोहिनीच्या वडलांची चौकशी केली, मेंढरं सध्या कुठं आहेत ते विचारलं, आणि मग म्हणाले, “बाळ, शनिवारची डिस्क काढून दे.”

मोहिनीने सांगितलं की शनिवारची अशी वेगळी डिस्क नसते.

“ही काय,” बंकटराव म्हणाले आणि त्यांनी लांबूनच ‘शनिवार’ लिहिलेल्या चिठ्ठीकडे बोट केलं.

तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तुकडे, वाटणी, आठही डिस्कवर थोडं-थोडं. दादा शांतपणे ऐकत होते, पण बघत होते चिठ्ठ्यांकडे. तिने असंही सुचवलं की नुसतं रेकॉर्डिंग नको असेल तर ते पुसता येतं, मात्र पुसल्याची नोंद राहते. दादांनी मान हलवली. पुसलेलं परत काढणारी माणसं पुण्यात असतात असं त्यांच्या वकिलाने सांगितलं होतं. त्यांना वस्तू हातात पाहिजे होती, फोडून टाकता येईल अशी.

“आनि खण रिकामा दिसता कामा नये,” दादा म्हणाले. “पोलीस येतील, बघतील. तिथं नवी डिस्क बसव. बंकट, काय लागंल ते घिऊन ये.”

बंकटरावांनी मोहिनीकडून मॉडेल नंबर लिहून घेतला आणि दादांच्या गाडीतून नगरला निघाले. तीन महिन्यांत तीन अर्जांनी न आलेली डिस्क आता चार तासांत येणार होती.

दादा बाहेरच्या खोलीत बसून फोन करू लागले आणि मोहिनी एकटी मशीनसमोर राहिली.  

तिने मनात मांडणी केली. एक डिस्क आधीच मेलेली. दादा ‘शनिवार’ लिहिलेली डिस्क उपसणार. ती जिवंत आहे. म्हणजे दोन जाणार, आणि सगळं जाणार. फक्त तो शनिवार नाही. गेल्या महिन्यात आवाराबाहेरून कापसाची गाडी चोरीला गेली, ती चोरी ज्यात सापडली ते रेकॉर्डिंगही, आणि समितीने पोलिसांना द्यायचं कबूल केलेलं बाकी सगळंसुद्धा. आणि मशीनच्या ताबापत्रावर सही तिची होती. दादांची नव्हती, बंकटरावांची नव्हती. नाथाचा न्याय वगैरे तिच्या डोक्यात त्या वेळी आलं नाही, हे तिने पुढे स्वतःशी कबूल केलं. तिला एवढंच वाटलं की तीन महिने आपण या मशीनला कसंबसं सांभाळलं आणि आता एका चिठ्ठीपायी ते मरणार.

मग तिला सुचलं. दादांना डिस्क पाहिजे, आणि एक मेलेली डिस्क मशीनमधून काढायचीच आहे. दादा मेलेली घेऊन गेले आणि तिच्या जागी नवी बसली, तर दोघांचंही काम होतं. चिठ्ठीची तेवढी अदलाबदल करायची.

फक्त मेलेली कोणती ते नक्की कळायला हवं होतं. कार्ड म्हणत होतं, चार नंबरचा खण. कार्ड शून्यापासून मोजतं, म्हणजे पाचवा खण. पण कुठून पाचवा? आडव्या ओळीने मोजलं तर पाचवा म्हणजे खालच्या ओळीतला पहिला, शुक्रवार. उभं, वरखाली मोजलं तर सोम, शुक्र, मंगळ, शनि, आणि पाचवा बुधवार. खणांवर छापील नंबर नव्हते. मशीनसोबत आलेल्या पुस्तकात चित्र होतं ते बारा डिस्कवाल्या मॉडेलचं.

ती उठून दिव्यांकडे बघायला गेली. प्रत्येक डिस्कला एक बारीक हिरवा दिवा होता, काम चालू असलं की तो लुकलुके. मेलेलीचा दिवा लुकलुकणार नाही, हे उघड होतं. तिने जुनं रेकॉर्डिंग उगीचच वाचायला लावलं, म्हणजे सगळ्या जिवंत डिस्क कामाला लागतील. सहा दिवे नाचायला लागले. दोन विझलेले राहिले. एक बुधवारचा आणि एक शुक्रवारचा.

तिने जवळ जाऊन पाहिलं. दसऱ्याला बंकटरावांनी मशीनची पूजा केली होती. आठही डिस्कला हळदकुंकू वाहिलं होतं आणि तेलाचं बोट लावलं होतं. ते तेल या दोनही दिव्यांच्या भोकात जाऊन कुंकवासकट घट्ट बसलं होतं. टाचणीने कोरून पाहिलं तर टाचणीच वाकली. या दोघींपैकी एक मेली होती आणि दुसरी धडधाकट, पण आंधळी झालेली. चुकीची उपसली की संपलं.

मोहिनी खुर्चीवर येऊन बसली. बाहेर दादा कोणाला तरी सांगत होते की लोकांनी पायरी ओळखून वागावं.

मेलेलीला ओळखता येत नाही, असं ती मनाशी म्हणाली. मग जिवंत असलेलीला विचारू. कार्डाला एक आज्ञा देता येत होती, अमुक खणाचा दिवा पेटता ठेव, म्हणजे माणसाला तो सापडतो. चार नंबरचा दिवा पेटूनही दिसला नसता. पण तीन नंबरचा दिसला असता. कार्ड आडवं मोजत असेल तर तीन नंबर म्हणजे गुरुवार पेटेल. उभं मोजत असेल तर शनिवार.

तिने तीन नंबरला आज्ञा दिली आणि वळून पाहिलं. शनिवारचा दिवा पिवळा होऊन सावकाश उघडझाप करत होता.

म्हणजे उभं. म्हणजे मेलेली बुधवारची. तरी तिचं समाधान झालं नाही. तिने दोन नंबर विचारला, मंगळवार पेटला. पाच विचारला, रविवार पेटला. मग तिने कार्डाकडून मेलेल्या डिस्कचा सिरियल नंबर काढून घेतला आणि शेवटची चार अक्षरं तळहातावर पेनने लिहिली. डिस्क बाहेर आल्यावर तिच्या अंगावर तीच चार अक्षरं दिसायला हवी होती. दिसली नाहीत तर डिस्क तशीच पटकन आत ढकलण्याखेरीज काही करता येणार नव्हतं, आणि ते उपयोगी पडेलच याची खात्री नव्हती.

ओल्या फडक्याने तिने बुधवार आणि शनिवार या दोन चिठ्ठ्या अलगद सोडवल्या आणि एकीच्या जागी दुसरी लावली.

बंकटराव दोनच्या सुमाराला आले. दादांनी त्यांना दाराबाहेर उभं केलं, कोणी आत येऊ नये म्हणून. डिस्क आपण स्वतःच्या हाताने काढणार, असं दादा म्हणाले. ते वाकले आणि चिठ्ठ्या बोटाने वाचत निघाले. सोमवार, मंगळवार, शनिवार. तिथं बोट थांबलं.

“मंगळवारानंतर शनिवार कावून?”

“कार्ड उभं मोजतंय दादा,” मोहिनी म्हणाली.

हे खरंच होतं. दादांनी मान डोलावली आणि तिने दाखवली तशी कडी दाबून डिस्क ओढली. मोहिनीचे डोळे बाकीच्या दिव्यांवर होते. सहा दिवे लुकलुकत राहिले. दादांच्या हातून डिस्क घेताना तिने तळहात थोडा वळवला. चारही अक्षरं जुळली. एसीचा रिमोट शोधत असल्याचं दाखवत तिने कपाटाला टेकून घेतलं.

चौकटीतून जुनी डिस्क सोडवून तिने दादांना दिली, नवी बसवली. दादांनी जुनी डिस्क उपरण्यात गुंडाळून बंकटरावांच्या हवाली केली. बंकटराव आष्टीच्या एका लोहाराकडे गेले आणि घणाने ती फोडून घेऊन तुकडे खदानीतल्या पाण्यात टाकून आले. आत आरशासारख्या चकत्या निघाल्या, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी मोहिनीला सांगितलं. लोहाराने दाढीच्या आरशासाठी एक मागितली, पण त्यांनी दिली नाही. काम पक्कं करायचं म्हणजे पक्कं. तोवर मोहिनीने चिठ्ठ्या पुन्हा आपापल्या जागी लावल्या होत्या, आणि सातांनी मिळून आठवीचा वाटा नव्या डिस्कवर मांडून दिला होता. मंगळवारी दुपारी कार्डाने कळवलं की सगळं ठीक आहे. तीन महिन्यांत पहिल्यांदाच.

मंगळवारीच तिने शनिवारचं रेकॉर्डिंग उघडून पाहिलं. सगळं आहे का, एवढंच बघायचं होतं. तिने ते एकदा पाहिलं, दार लावून घेतलं आणि पुन्हा पाहिलं. मग मॉनिटर बंद केला.

बुधवारी फौजदार उज्ज्वला मॅडम पत्र घेऊन आल्या. शनिवारच्या हौदाजवळच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्यांना पाहिजे होतं. दादांनी त्यांना आपल्या दालनात बसवलं, चहा मागवला आणि खेदाने सांगितलं की नेमकी त्याच दिवसाची डिस्क तांत्रिक बिघाडाने गेली. बंकटरावांनी नव्या डिस्कची पावती आणि मोहिनीचे तीन जुने मागणीअर्ज पुढे ठेवले. अर्ज तीन महिन्यांपूर्वीपासूनचे होते. अर्ज फेटाळणाऱ्यांनीच ते इतके जपून ठेवले होते.

मॅडमनी मोहिनीला बोलावलं आणि कागद पुढे सरकवला. रेकॉर्डिंग नष्ट झालं आहे असं तिने लिहून सही करायची होती.

मोहिनीने पेन हातात घेतलं. दादा तिच्याकडे बघत होते, रागाने नाही, खात्रीने. रेकॉर्डिंग नष्ट झालं, एवढे तीन शब्द. पण ते तिच्या सहीने राहणार होते, जन्मभर, आणि ते खोटे होते.

“डिस्क गेली मॅडम,” ती म्हणाली. “रेकॉर्डिंग आहे.”

दादांनी बंकटरावांकडे पाहिलं. बंकटरावांनी कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

संगणक कक्षात चौघं जण गेले. मॅडमनीही बूट काढले. मोहिनीने हौदाचा कॅमेरा लावला, अकरा वाजून चाळीस मिनिटं. नाथा हात हलवत बोलत होता. दादांनी उजवा हात उचलला. हात वरच होता, तेवढ्यात चित्राच्या डाव्या कडेतून एक काळा एडका धावत आला, डोकं खाली घातलं आणि दादांच्या मागच्या भागावर सगळ्या ताकदीने आदळला. दादा दोन्ही पाय जमिनीवरून सुटून पुढे गेले आणि नाथावर पडले. नाथाचं मनगट दोघांच्या खाली सापडलं. एडका थोडा मागे सरला, पुन्हा येऊ का असं ठरवत उभा राहिला आणि मग हौदाकडे जाऊन पाणी प्यायला लागला. दादा उठले. त्यांनी धोतर झटकलं, डावीउजवीकडे पाहिलं. लोक अजून वळले नव्हते. मग त्यांनी खाली पडलेली नाथाची काठी उचलली, ती उगारली आणि तोंड उघडलं. आवाज रेकॉर्ड होत नसल्यामुळे ते काय म्हणाले ते कळलं नाही. लोक वळले ते त्यानंतर.

मॅडमनी ते दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा बघताना त्यांनी रुमाल तोंडाला लावला होता.

“दादा, तुमचा काहीच दोष नाही,” त्या म्हणाल्या. “केस उभीच राहत नाही.”

दादा सुटकेने हसतील असं मोहिनीला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी बंकटरावांना बाहेर पाठवलं, मोहिनीला मात्र राहू दिलं, कारण रेकॉर्डिंग तिच्या हातात होतं.

“मॅडम,” ते हळू आवाजात म्हणाले, “गुन्हा ऱ्हाऊ द्या.”

मॅडमना वाटलं ऐकण्यात काही चूक झाली.

“माज्यावर आदीचे दोन हायेत, मारामारीचे. तिसऱ्यानं काय फरक पडत न्हाई. पर हे भाईर गेलं तर मी गावात कसा फिरू? लोक मला बघून बें-बें करतील.”

मॅडमनी सांगितलं की न केलेला गुन्हा कायद्याने ठेवता येत नाही. दादा म्हणाले की केलेले मिटवता येतात, मग हे एवढं का होऊ नये.  त्यांनी नाथाला आणायला शिपाई पाठवला.

नाथा आला तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता. तो खोटं बोलत नव्हता. दादांनी अंगावर उडी घालून आपल्याला पाडलं असंच त्याला खरोखर वाटत होतं. मोहिनीने त्याच्यासाठी रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. काळा एडका चित्रात आला तसा नाथा खुर्चीवरून पुढे झुकला.

“ह्यो तर माजा भुंग्या,” तो म्हणाला.

 रेकॉर्डिंग संपल्यावर त्याने मॅडमना विचारलं की हे आप्पांना दाखवायलाच लागंल का. आप्पांनी त्याच्यासाठी जीप काढली होती, पत्रकार आणले होते, अन्यायाविरुद्ध मोर्चाची तारीख ठरवली होती. एडका त्याचा, हातही त्याचाच. मोर्चा कोणाविरुद्ध काढणार? त्याने गैरसमजातून तक्रार दिली असं लिहून अंगठा उमटवला, कारण सहीचा हात मोडलेला होता. मॅडमनी पेन ड्राइव्ह पर्समध्ये परत ठेवला. तक्रारच उरली नव्हती, तर पुरावा कशाचा न्यायचा? जाताना त्या मोहिनीला म्हणाल्या की नोकरीला काही झालं तर फोन कर.

काही झालं नाही. उलट दादांनी आपली गाडी देऊन नाथाला नगरला नीट प्लास्टर घालायला पाठवलं. लोकांनी त्यातून जो काढायचा तो अर्थ काढला: आधी लोळवला, मग केस मागे घ्यायला लावली, वर दवाखान्यातही पाठवला. असा माणूस. निवडणुकीत दादांचं पूर्ण पॅनल निवडून आलं. प्रचाराच्या शेवटच्या सभेत एका कार्यकर्त्याने भाषणात त्या फटक्याचं वर्णन केलं आणि टाळ्या थांबेनात. दादा व्यासपीठावर हात जोडून, नम्रपणे मान खाली घालून बसले होते. नाथाही आपल्या वाडीवर सांगत होता की दादांच्या बाजूनं पाचजण होते म्हणून, नाहीतर तो त्यांना ऐकला नसता.

निवडणुकीनंतरच्या पहिल्या सभेत मोहिनीला कायम करण्याचा ठराव आला. सूचक बंकटराव होते. कारण ‘तांत्रिक कौशल्य व गोपनीयता’ असं लिहिलं होतं. चार वर्षं ती ज्याची वाट बघत होती तो कागद तिच्या हातात आला. तिने घरी फोन केला; आई बायनाबाई रडली. मोहिनीला मात्र आपण कामामुळे कायम झालो की भीतीमुळे, हे नक्की सांगता येईना.

दादांनी तिला एकदाच त्याबद्दल विचारलं. ते कक्षात आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले की आता सांग, हे नेमकं कसं असतं. तिने तिसऱ्यांदा सगळं सांगितलं. या वेळी त्यांनी चिठ्ठ्यांकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. एक-दोन ठिकाणी थांबवून प्रश्न विचारले, आणि ते चांगले प्रश्न होते.

“मंजी आटीच्या आटी फोडाव्या लागल्या असत्या,” ते शेवटी म्हणाले.

“न्हाई दादा. एक मेलेलीच होती. तुमी खरी शनिवारची ओढली असती तरी सगळं गेलं असतं.”

 दादांनी विचारलं की ते रेकॉर्डिंग अजून किती दिवस आत राहणार. मोहिनीने सांगितलं की मशीन पंचेचाळीस दिवस ठेवतं, मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. कोणी काही करायची गरज नसते. ते आपोआप जातं.

“आपोआप?”

“होय.”

त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि उठून गेले.

सेहेचाळिसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला त्यांचा फोन आला. ते दुसऱ्या गावच्या बाजारात होते, मागे मेंढरांचा गलका ऐकू येत होता. गेलं का, असं त्यांनी विचारलं. मोहिनीने तपासून सांगितलं की गेलं.

“समदं?”

“समदं गेलं दादा.”



“त्या दिशी फौजदारीणबाई बसलेल्या,” दादा म्हणाले. “लाजंनं माजं ध्यानच नव्हतं. एकदा नीट बघाया पायजे व्हतं. लई जोरात आलता गं तो एडका.”